पट फिरवणारे अप्पा

अप्पा, तुमची नात सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडली आहे. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, ती जन्मायच्या आधीच तुम्ही गेलात. इथे लातूरला ती डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी रिपीटरच्या बॅचला होती. याही वेळी नंबर लागला नाही. निकाल आल्यापासून धड जेवण नाही, बोलणं नाही. काल मी पेचकस घेऊन तिच्या खोलीची आतली कडी काढून टाकली. ती बघत होती, का काढतेस म्हणून विचारलंसुद्धा नाही. मला भीती वाटते, अप्पा. तिचे पप्पा नांदेडला नोकरीवर, फोनवर नुसतं "होईल सगळं ठीक" म्हणतात. त्यांच्यापाशी बोलवत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

सारखा निलंग्याचा डेपो आठवतो. तुम्ही तिथे कारकून, पण सगळे ओळखायचे ते बुद्धिबळवाले अप्पा म्हणून. बसच्या सीटचं जुनं रेक्झिन फळीवर ठोकून त्यावर रंगानं घरं आखलेली, एक घोडा हरवलेला, त्याच्या जागी वर्कशॉपातला नट. ड्युटीची वाट बघत बसलेला ड्रायव्हर असो की कंडक्टर, तुम्ही त्याला धरून बसवायचात. शाळा सुटली की मी तिथे यायचे, बाकड्यावर बसून उरलेला डबा खायचे, आणि तुमचं शिकवणं चालू असायचं: प्यादं एकच घर चालतं, आणि प्याद्यानं केलेली मात सगळ्यात मानाची. तुम्ही मुद्दाम कुणालाही जिंकू दिलं नाही. मी भोकाड पसरायचे तरी मलाही नाही. पण समोरचा हात झटकून उठायला लागला की तुम्ही अख्खी फळी फिरवायचात आणि त्याची मेलेली बाजू स्वतःकडे घ्यायचात. एकदा एक कंडक्टर म्हणाला, "अप्पा, ह्यात काय बी राहिलं न्हाई. सोडा की." तुम्ही म्हणालात, "तुला दिसंना गेलंय. मला बघू दे." आणि त्या बाजूनं खेळून तुम्ही सपशेल हरलात. कंडक्टरच ओशाळला. तुम्ही मानेवरून हात फिरवून म्हणालात, "बघ, हरलो. मुंडकं हाय का न्हाई जाग्यावर? चल, चहा पाज." सगळा डेपो हसला.

आज दुपारी तोच पट घेऊन मी तिच्या खोलीत गेले. लहानपणी तिला मीच शिकवलंय, तुमच्या देशी नियमांनी. ती उठून बसली, माझ्या जिवात जीव आला. पण मला तिचं हरणं बघवेना. मी माझा वजीर तिच्या तोंडी दिला. तिनं तो मारलाच नाही. म्हणाली, "मम्मी, मला जिंकवायलीस? एवढी वेळ आली का माझ्यावर?" मी घाबरून फळी फिरवली, म्हटलं, आण तुझी बाजू, मी खेळते. ती म्हणाली, "हे फिरतंय गं. निकाल नाही फिरत." आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

मग मी तिला त्या कंडक्टरची गोष्ट सांगितली. माझ्या तोंडून ती शाळेतल्या धड्यासारखी निघाली. तुम्ही खरंच हरून दाखवलं होतं. मी काय हरून दाखवू? माझ्याकडे हरण्यासारखी ती एकटीच आहे. या ना, अप्पा. एकदा या, तिच्यापुढं बसा, तिला हरवा, रडवा, पण उठवा. मेलेल्या माणसाला असं बोलावणं खुळेपणाचं आहे, कळतं मला. तरी बोलावते.

हे कुठं धाडणार? तिच्या दाराबाहेर फरशीवर बसून लिहितेय. इथून हलायची हिंमत होत नाही. नुसतं बसलं तर ती म्हणेल पाळत ठेवतेस, म्हणून मांडीवर माझ्या शाळेतल्या पोरांच्या पेपरांचा गठ्ठा आणि त्यावर हा कागद. आत्ताच आतून आवाज आला, "मम्मी, काय करायलीस तिथं?"

"पेपर तपासायले, माय."

मग तिनं विचारलं, "किती राहिलेत?"

"लई राहिलेत अजून," मी म्हटलं. एकही राहिलेला नाही, अप्पा.