वहिनीचं इंग्रजी आणि दादाचं नाव

२ फेब्रु. १९५६, गिरगाव
दादा मोर्च्यात पकडला गेल्यापासून घर मुकं झालंय. आज पोळ्या लाटता लाटता वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमच्या कंपनीत टेलिफोन बोर्डावर बाई हवीय ना? मी जाऊ?" दिवसभर दाराकडे बघत बसणं तिला आता सोसत नाही, हे मला दिसतंय. मॅट्रिक आहे, आवाज गोड. इंग्रजी मात्र गंजलेलं. आईची भांडी तेवढी जोरात वाजली.

५ फेब्रु.
शिकवणी सुरू. व.ला (वहिनी वहिनी सारखं कोण लिहितंय!) जोड्यांनी शिकवतेय. आज हिअर आणि लिसन. आपोआप कानावर पडतं ते हिअर, कान देऊन ऐकतो ते लिसन. लगेच म्हणाली, "म्हणजे चौकातलं भाषण आई हिअर करतात, मी लिसन." शंभर मार्क. लेंड-बॉरो मात्र अजून उलटसुलट. मी चिडले, तर तिनं उठून चहा टाकला.

९ फेब्रु.
अलोन आणि लोनली. वाक्य कर म्हटलं. म्हणाली, "आय ॲम नॉट अलोन. आय ॲम लोनली."
पहिल्या फटक्यात बरोबर. मला फार वाईट वाटलं. पुढची जोडी काढलीच नाही.

१४ फेब्रु.
मुलाखत फुकट गेली. आमच्या कंपनीतल्या मॅडमनी विचारलेलं सगळं आलं, वेट आणि होल्ड ऑनसुद्धा. मग साधा प्रश्न, नवऱ्याचं नाव काय? व. गप्प. पुन्हा विचारलं. मान खाली. मॅडमना वाटलं, बाईला इंग्रजीच कळत नाही.
घरी येऊन म्हणते, "असं कसं हो नाव घेणार? उखाणा घ्यावा तर इंग्रजीत कुठून आणू?"
जोड्या घोटून घेतल्या, आणि हे डोक्यातच आलं नाही. कमाल आहे माझी.

१५ फेब्रु.
मॅडमना आपली रीत समजावली. हसल्या नाहीत. सोमवारी पुन्हा आणा म्हणाल्या, पण बोर्डावर दिवसभर साहेबांची नावं घ्यावी लागतील हेही बजावलं. आणि आमच्या हिशेबखात्याचे मद्रासी साहेब नेमके विश्वनाथन. दादा विश्वनाथ! व.नं कपाळाला हात लावला.
संध्याकाळी सराव. "विश्..." की पदर तोंडाला. मीही हसले. असं किती दिवसांनी हसलो दोघी.

१८ फेब्रु.
आर्थर रोडला दादाची भेट. दारावरच्या शिपायानं विचारलं, कोणाला भेटायचंय? हे दर वेळी मी सांगते. आज मी बोलायच्या आत व.नं दादाचं अख्खं नाव सांगितलं, सासऱ्यांच्या नावासकट. दादाला ऐकू गेलं असावं, कान लाल झाले होते त्याचे. हडकलाय.
व. म्हणाली, "सोमवारी मला वन्संच्या कंपनीत बोलावलंय. टेलिफोनवर."
"मी सुटलो की बघू."
"सोमवार परवा आहे."
दादानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे. तेवढ्यात वेळ संपली.  

१९ फेब्रु.
आई अखेर बोलली. तांदूळ निवडता निवडता, "विचारलंस त्याला?"
"सांगितलं," व. म्हणाली.
"मग?"
"म्हणाले, सुटलो की बघू."
आई पुन्हा तांदळातले खडे शोधायला लागली. हो नाही, नको नाही. दादा सुटून आला की काय म्हणेल, देव जाणे. 
व. मोरीत भांडी घासतेय आणि साहेबांची नावं ओळीनं म्हणतेय. विश्वनाथनपाशी अजून जराशी थांबते.