‘रि’ म्हणजे पुन्हा

१० नोव्हेंबर, सोमवार
आमची सौ. आनंदी सहा महिन्यांपासून शरदरावांच्या इंग्रजी क्लासला जाते. मी हरकत घेतलेली नाही. पण आज पंचगंगा घाटावरच्या क्लासहून रामघाटला घरी आली ती हसतच. कारण विचारलं. म्हणाली, इंग्रजी शब्दांच्या सुरुवातीला लागतं ना ‘रि’, त्याची गंमत होती, तुम्हाला नाही कळायची.
मी चौतीस वर्षं रेल्वेच्या ऑफिसात इंग्रजी पत्रं लिहिली. प्रत्येकावर विषयाआधी ‘रि’ आणि दोन टिंबं. शरदराव बँकेतले. बँकेत इंग्रजी ते किती.
मत्सर नाही. नुसती नोंद.

११ नोव्हेंबर, सकाळी ७
संकल्प: ‘रि’वर प्रभुत्व. रविवारी आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दहा मिनिटं बोलणार. नाव दिलं.
दुपारी: डिक्शनरी वरच्या फळीवर. कंबर धरली आहे. उद्या.

१३ नोव्हेंबर
डिक्शनरीची गरज नाही. नियम स्वतःच काढला. ‘रि’ म्हणजे पुन्हा. रिप्रिंट, रिचार्ज, रिफिल.
आनंदीला सांगितला. सब्जी चिरता चिरता म्हणाली, ‘पुन्हा’ आणि ‘मागे’, दोन्ही. लॅटिनमधून आलंय. रिटर्न, रिफंड. आणि तुमच्या पत्रावरचं ‘रि’ हे नव्हेच, तो वेगळा लॅटिन शब्द, ‘अमुक बाबतीत’ असा.
कोणी सांगितलं? शरद सरांनी.
सर. मला ऑफिसातला शिपाईसुद्धा बाबूजी म्हणायचा.

१६ नोव्हेंबर, रविवार
भाषण झालं. नियम मांडला. शाळेत शिकवणाऱ्या मालविकाबाईंनी विचारलं, मग रिटायर म्हणजे पुन्हा थकणं का. मी ठामपणे हो म्हणालो. सगळे हसले. नव्या वक्त्याला इतका प्रतिसाद क्वचित मिळतो. शरदराव तेवढे हसले नाहीत. जळत असावेत. आनंदी खाली बघत होती.

१७ नोव्हेंबर
आनंदीला म्हटलं, क्लास सोड, मी शिकवतो. ती म्हणाली, तीन वर्षांपूर्वी आधी तुम्हालाच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, या वयात तुला कुठे जायचंय.
मला आठवत नाही. तेव्हा पेन्शनचे कागद चालू होते.
ती जेवली नाही. मी थोडं जेवलो.

२० नोव्हेंबर
शरदरावांना समज द्यायला गेलो. घाटाच्या पायऱ्या फार. वर पोचेस्तोवर बोलायला दम राहिला नाही. त्यांनी पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. आनंदीताई फार हुशार आहेत म्हणाले. हे त्यांनी मला सांगायचं.
समज राहून गेली. क्लासचा फॉर्म भरला. आत राहून लक्ष ठेवता येईल. अॅडव्हान्स्ड बॅच मागितली. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि फॉर्मवर बिगिनर लिहिलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
क्लासचा पहिला दिवस. आम्ही सात जण. शरदराव आलेच नाहीत. ते फक्त अॅडव्हान्स्डला शिकवतात. बिगिनरला महिनाभरापासून आनंदी शिकवते. घरी बोलली नव्हती. मी विचारलंही नव्हतं.
सगळे तिला मॅडम म्हणतात.
तिनं फळ्यावर ‘रिमेन’ लिहिलं आणि मला उभं केलं. मी दोन तुकडे पाडून अर्थ सांगितला: पुन्हा मुख्य.
ती हसली नाही. म्हणाली, मागे राहणं. बसा.
बसलो.