राजापेठच्या घराची मधली भिंत

७ एप्रिल, अकोला
सकाळच्या एस.टी.नं अमरावतीला जाऊन आले. राजापेठेतलं घर आज पहिल्यांदा नीट आतून पाहिलं. मोहनच्या आणि माझ्या, दोघांच्या नावावर. जुनं घर घ्यायचं, डागडुजी करायची, विकायचं नाहीतर भाड्यानं द्यायचं. धावपळ भावाची, अर्धा पैसा माझा. आधीच्या दोन घरांत नळ, फरशी, रंग एवढंच काम होतं. इथं जिन्याखाली भेग आहे, बोट आत जातं.
मोहन म्हणे, "काळी माती हाये ताई. उन्हाळ्यात सगळ्याइचीच घरं तडकतात."
असेलही. पण वर कोणी चाललं की खालच्या खोलीत छताच्या प्लास्टरचा चुरा गळतो, त्याचं काय?

१२ एप्रिल
पुन्हा अमरावती. माझ्या हट्टापायी इंजिनिअर मॅडमना बोलावलं. तरुण बाई, कमी बोलतात. हातोडीनं ठोकत सगळं घर फिरल्या. मधल्या भिंतीशी थांबल्या.
"वरचा अख्खा स्लॅब हिच्यावर बसलाय. बीममधल्या सळ्या गंजून गेल्यात. आधी लोखंडी टेकू, मग नवा बीम. तोवर या भिंतीला हात लावायचा नाही."
मोहननं मान डोलवली. त्या गेल्यावर मात्र तोंड पाडून बसला. ट्यूशन क्लासवाल्यांना त्यानं खालचा मजला कबूल करून टाकलाय. त्यांना मोठा हॉल हवा, तोही नवीन बॅच बसायच्या आत. म्हणजे तीच भिंत काढायची.

१६ एप्रिल
मोहनचा फोन. टेकू मिळत नाहीत म्हणतो, सगळे कुठल्याशा मोठ्या साईटवर गेलेत. म्हटलं, मग थांब.
"थांबलोच हाये ना."
आवाज आवडला नाही.

१९ एप्रिल
सकाळी पेपर तपासत होते. मोहनचा फोन. "ताई, आज भित काढून राहिलो. मिस्त्री आला हाये. लाकडी बल्ल्या लावल्या, कायी होत नाई."
मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. "मॅडमना विचार" म्हटलं.
"तू अकोल्यात बसून नको सांगू वं." ठेवला.
परत लावला, उचलला नाही. मग मी पुन्हा पेपर घेतले.
दुपारी स्मितावहिनीचा फोन, रडत: "ताई, स्लॅब खाली आला. मिस्त्री आत होता."

२० एप्रिल, अमरावती
गजानन मिस्त्री. आमच्या आधीच्या दोन्ही घरांची फरशी त्यानंच बसवली होती. कमरेवर स्लॅबचा तुकडा पडला. जिवंत आहे. पाय हलत नाहीत. डॉक्टर नागपूरला न्या म्हणतात.
त्याची बायको मंदा परतवाड्याहून आली. दवाखान्याच्या व्हरांड्यात मला धरलं.
"बाई, तुमी मालकीण ना? त्यायले भित पाडाले कोनं सांगतलं?"
मी म्हटलं, आधी नागपूरचं पाहू. गाडीची सोय केली. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही.
घराकडेही गेले. बाहेरून तसंच आहे. आत वरच्या खोलीचं छप्परही कोसळलंय, आभाळ दिसतं.

२३ एप्रिल
मोहन अकोल्याला आला. जेवला नाही.
"मी चौकीत सांगतलं, मिस्त्रीले बाजूचं प्लास्टर काढाले ठेवलं होतं, त्यानं आपल्याच मनानं भित पाडली. तुले विचारलं तं तू बी हेच सांग. तुले कायी मालूम नव्हतं."
"मला मालूम होतं, मोहन. तूच फोन केला होतास."
"घर दोघायच्या नावावर हाये. मी फसलो तं तू बी फसशीन. आन् त्याचा सारा खर्च मी करतोच हाये ना?"
मग रडला. चाळिशी ओलांडलेला माणूस, माझ्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून. लहानपणी रडायचा तसाच, आवाज न करता.

२४ एप्रिल
हे गेले तेव्हा वर्षभर मोहन दर रविवारी यायचा. गॅस, बँक, पेन्शन, सगळं त्यानं पाहिलं. एकदाही बोलून दाखवलं नाही. कालही नाही.
इंजिनिअर मॅडमचा फोन आला. "मी काय सांगितलं होतं ते मी लिहून देणार आहे. तुम्हीही तिथंच उभ्या होतात." एवढंच.

२६ एप्रिल
नागपूरहून मंदाचा फोन. ऑपरेशन झालं. पायांचं काही सांगता येत नाही म्हणतात. गजाननला बोलायचं होतं. तिनं फोन त्याच्या कानाशी धरला असावा.
"ताई, मोहनभाऊ म्हनतात मी आपल्या मनानं पाडली. तुमाले तसं वाटते का?"
नाही म्हटलं. तो म्हणाला, "मंग झालं." फोन बंद.
त्याला नाही म्हणून बसले. आता उद्या चौकीत दुसरं काय सांगणार? पण स्मिता, तिच्या पोरी, मोहन…

२७ एप्रिल, अमरावती
चौकी. बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. जबाबाला बोलावलंय. बसस्टँडवर मोहन घ्यायला आला होता. वाटेत म्हणाला, "चहा घेतेस?" घेतला.
आता शेजारी बसलाय. दाढी केलेली नाही. मी काय लिहितेय, विचारत नाही.
आतून माझं नाव पुकारलं. माझ्याआधी तोच उठला.