पाठीतलं पाणी

११ जाने.
शाहपुऱ्याच्या नव्या डॉ. बाई मिलिंदला तपासून म्हणाल्या, रक्त आणि पाठीतलं पाणी पाहू या. काही जणांत शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते, दिसतं स्किझोफ्रेनियासारखं. "क्वचित. इतक्या वर्षांनी तर फारच क्वचित. आशा लावून बसू नका."
बसले. तिथेच, त्यांच्यासमोरच्या खुर्चीत.
माझ्या या धाकट्या भावाला विशीपासून आवाज ऐकू येतात. आजवर पत्रिका, नजर, आमचे संस्कार, सगळं तपासून झालं. हे राहिलं होतं.

१३ जाने.
आईला सांगितलं, ही चूक. करोनापासून ती त्याला रोज गिलोयचा काढा देते (माहेर इंदूर, गुळवेल म्हटलं तर ओळखणार नाही), प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. तिनं पातेलं खाली ठेवलं.
"म्हणजे मीच वाढवलं का गं?"
डॉ. बाईंना फोन लावून दिला. आजार काढ्याच्या कितीतरी आधीचा, असं त्यांनी परत परत सांगितलं. आई "हो, हो" म्हणाली. काढा बंद. तिच्या हातचं संशय न घेता तो तेवढंच प्यायचा.

१९ जाने.
हळदीकुंकू. अवधपुरीतल्या झाडून सगळ्या मराठी बायका. आई म्हणाली, "आमच्या मिलिंदला इम्युनिटीचा त्रास आहे." चारचौघींत त्याचं नाव पहिल्यांदाच. एरवी लोकांसाठी तो पुण्याला नोकरीत असतो, मागच्या खोलीत बसून.
जोशीकाकूंनी लगेच च्यवनप्राश सुचवला. मी हसले. मग आत जाऊन नळ सोडला आणि…

२४ जाने.
मि. तपासणीला नाही म्हणतो. "ते पाणी काढून विकतात."
"काय भावानं?" माझी जीभ.
मग म्हणाला, "ताई, तू आत येशील?"

३० जाने.
झालं. कुशीवर, गुडघे पोटाशी. वॉर्डबॉय म्हणाला, "भैया, हिलना मत." हलला नाही. माझी बोटं मात्र त्यानं अशी आवळली की पेन धरवत नाही. नमुना बाहेरगावी गेला.

४ फेब्रु.
रिपोर्ट नाही. देवाची आयुष्यभर टिंगल केली, आता त्याच्याकडे मागतेय काय, तर भावाच्या मेंदूला सूज असू दे.
दुपारी मि. दाढी करून बाहेरच्या खोलीत येऊन बसला.
"ताई, त्यात काही निघालं नाही, तर मग हे सगळं मीच ना?"
जेवायला चल म्हटलं. तो उत्तरासाठी थांबलेलाच.