उज्वलाचे समुद्रकाठचे केळवण

८ जानेवारी २०२६, गुरुवार. सायंकाळी ७.

विघ्नहर्त्याला वंदन. जिच्या कृपेवाचून जीभ हलत नाही आणि लेखणी सरकत नाही, त्या वाग्देवीला वंदन. तिने या वहीत सत्याखेरीज एक अक्षरही उमटू देऊ नये. ही वही मी कोणास दाखविणार नाही. तेव्हा येथे असत्य लिहिण्याचे प्रयोजनही नाही.

आता विषय. उज्वला लग्न करते आहे.

वय सहासष्ट. बँकेतून निवृत्त. आजवर अविवाहित. १९७९ साली नांदेडला वसतिगृहात असताना आम्ही दोघींनी गोदावरीच्या घाटावर ओंजळीत पाणी घेऊन संकल्प सोडला होता की, विवाह करणार नाही. उत्तरायुष्य शास्त्राभ्यासात एकत्र घालवू. मी तो संकल्प तंतोतंत पाळला. मध्ये १९८४ साली माझा विवाह झाला, परंतु तो गृहस्थाश्रमाचा धर्म होता. त्याची गणना संकल्पभंगात होत नाही. यजमान जाऊन चार वर्षे झाली. लातूरच्या या घरावर मी उज्वलासाठी एक खोली बांधून घेतली. दोन खिडक्या, दोन खाटा, भिंतींना तिच्या आवडीचा फिकट पिवळा रंग. मार्चमध्ये ती राहायला येणार होती.

आज माझा गुरुवारचा पोथीवर्ग संपल्यावर चपलेचा पट्टा लावता लावता ती म्हणाली, "उमे, मी लग्न करून राहिले." कोणाशी, असे विचारले. "निवांत सांगते," म्हणाली आणि रिक्षात बसली.

मी शांत आहे. दूध उतू गेले ते वेगळ्या कारणाने.

१० जानेवारी, शनिवार.

मोबाइलवर आम्हा वसतिगृहातील सोबतिणींचा 'खोली नंबर चौदा' नावाचा ग्रुप आहे. सभासद चार. मी, उज्वला, उमरीची बुद्धप्रिया (आरोग्य खात्यातून निवृत्त; आजही सर्वांना इंजेक्शन दिल्यासारखी बोलते) आणि किल्लारीची कोंडाबाई (ऊस, म्हशी, स्वतःची जीप). बुद्धप्रियाने घोषणा केली: उज्वलाची बॅचलरेट, मालवणजवळ समुद्रकाठी, तीन दिवस.

मी तत्काळ लिहिले की, या विधीला आपल्याकडे केळवण म्हणतात. लग्नाआधी वधूला जेवायला बोलवावे, गोडधोड करावे, तिने वराचे नाव घ्यावे. त्यासाठी खारे पाणी लागत नाही.

कोंडाबाईने आवाज पाठवला: "केळवण म्हन न्हाई तर काय बी म्हन. जीप माझी हाय. मला मरायच्या आधी समुद्र बघायचा हाय."

११ जानेवारी, रविवार. पहाटे ५.

ध्यानात उलगडले. ही सहल म्हणजे ईश्वरी योजना. तीन दिवस उज्वला माझ्यासमोर असेल, कोठे जाणार? मी तिला वैराग्यावर तीन प्रवचने देईन. तिसऱ्याअखेर विवाह रद्द. ग्रुपवर फक्त एवढेच कळविले: "मी येते. नियोजन माझ्याकडे."

शास्त्राप्रमाणे समुद्रास पर्वकाळीच स्पर्श करावा. माघी पौर्णिमा १ फेब्रुवारीला, रविवारी. त्याआधी कोणीही पाण्यात पाय घालणार नाही, हा नियम कळविला.

बुद्धप्रियाचे उत्तर: "उमे, समुद्र आठवडाभर तिथंच असतो." कोंडाबाईने हसणारे आठ चेहरे पाठवले. याचा अर्थ संमती.

१५ जानेवारी, गुरुवार.

वर्गाला तिळगूळ वाटला. उपस्थिती पाच. त्यांत गुरुबसप्पा. उदगीरला मोंढ्यात धान्याची अडत होती, आता मुलाकडे सोपवली. विधुर. दर गुरुवारी एवढ्या लांबून एस.टी.ने येतात, केवळ माझ्या विवेचनासाठी. असा श्रोता भाग्यानेच लाभतो.

वर्गाची शिस्त मी घालून दिलेली आहे. पोथ्या तीनच, म्हणून दोघांत एक. उज्वला आणि गुरुबसप्पा दीड वर्षापासून एका पोथीवर बसतात. एक ओळ तिने म्हणावी, दुसरी त्यांनी. दोघांचाही एकही गुरुवार चुकलेला नाही. ही माझ्या पद्धतीची फलश्रुती.

आज त्यांची पोथी सहज चाळली. पहिल्या काही पानांच्या कडेला पेन्सिलीने बारीक प्रश्नोत्तरे. एका हस्ताक्षरात 'कधी?' दुसऱ्यात 'अजून धीर होत नाही.' पुढे 'आज उशीर का?' खाली 'गाडी लेट.' मुमुक्षूची तळमळ अशी असते. डोळे भरून आले. सहलीला हीच प्रत न्यायची. आपलेच हस्ताक्षर पाहून उज्वला लज्जित होईल.

वर्गानंतर गुरुबसप्पांना थांबवून सर्व सांगितले. एक अनामिक गृहस्थ माझ्या मैत्रिणीला मोहात पाडतो आहे, उपाय सुचवा. त्यांच्या हातून चहाचा कप सांडला. एवढा कनवाळू माणूस. बराच वेळ सतरंजी पुसत राहिले, मग म्हणाले, "बाई, माणूस कसा हाय ते तरी बघा की एकदा. वाईट नसंल."

मी म्हणाले, वाईट नसता तर समोर येऊन बोलला असता. ते म्हणाले, "ते बी खरंच हाय," आणि गाडी चुकेल म्हणून उठले. गाडीला तासभर अवकाश होता.

२४ जानेवारी, शनिवार.

प्रवचने लिहून पूर्ण. चाळीस पाने, दोन्ही बाजूंनी.

परवाच्या वर्गाला गुरुबसप्पा आले नाहीत. उज्वलाही नाही. थंडी फार आहे.

३० जानेवारी, शुक्रवार. जीपमध्ये.

पहाटे निघालो. पहिले प्रवचन सोलापूरच्या अलीकडे सुरू केले. कोंडाबाई पुढच्या सीटवरून म्हणाली, "उमाबाई, जरा दम धर, मला उलटी हून राहिली." कारण घाटाचे सांगितले. तेथे घाट नव्हता.

दुसरे प्रवचन कोल्हापूरनंतर. उज्वला खिडकीला डोके टेकून झोपली. झोपेत हसत होती.

३१ जानेवारी, शनिवार. दुपारी.

समुद्र आहे. मोठा आहे. माझे मत अद्याप बनलेले नाही.

आज चतुर्दशी. नियम स्पष्ट होता. तिघीही सरळ पाण्यात गेल्या. कोंडाबाईने लुगडे खोचले आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून दर लाटेला "अय्या बया" म्हणत होती. बुद्धप्रियाने उज्वलाच्या डोक्यावर कागदी मुकुट घातला, त्यावर इंग्रजीत 'ब्राइड'. मी छत्रीखाली तीन जोड चपला सांभाळत बसले. नियम पाळणाऱ्याला एकटे बसावे लागते, हे ठाऊक होते. चपला सांभाळाव्या लागतात हे ठाऊक नव्हते.

तिघी पाण्यात डोकी जवळ आणून बोलत, माझ्याकडे पाहत, पुन्हा बोलत. बहुधा दुसऱ्या प्रवचनावर चर्चा. उज्वला डोळे पुसत होती. परिणाम दिसू लागला आहे.

१ फेब्रुवारी, रविवार. माघी पौर्णिमा. सकाळी ६.

आज पर्व. क्रम असा: माझे स्नान, तिसरे प्रवचन, केळवण. केळवणात मी उज्वलाला सर्वांसमोर नाव घ्यायला लावणार. जे नाव ती महिनाभर लपविते, ते तिच्या ओठी येणार नाही. तेथेच विवाह मोडेल. योजना निर्दोष आहे.

तोच दिवस. दुपारी ३.

स्नान झाले नाही. ओहोटी होती. पाणी फार लांब गेले होते आणि मधल्या चिखलात माझी चप्पल रुतली.

प्रवचन झाले नाही. चाळीस पाने कोंडाबाईने ओल्या चपलांखाली अंथरली होती. म्हणाली, "रद्दी वाटली गं बाई, दोन्ही बाजूंनी लिवलेली व्हती." कोरी असती तर वापरली नसती म्हणे.

केळवण झाले. पुरणपोळी मी घरून नेली होती. बुद्धप्रियाने पाटाभोवती रांगोळी काढली. मी म्हणाले, नाव घे.

उज्वला लाजली नाही. पोळीचा घास खाली ठेवला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली,

"एक पोथी दोघांत, वाचली गुरुवारी,
गुरुबसप्पांचं नाव घेते, जुळलं उमाच्या घरी."

कोंडाबाई टाळ्या वाजवू लागली. बुद्धप्रियाने तिचे हात धरले. त्या दोघींना ठाऊक होते. दिवाळीपासून.

माझ्या घरी. माझ्या सतरंजीवर. मी शिस्त म्हणून बसविलेल्या जागेवर. ज्याला मी उपाय विचारला, त्याने माझाच चहा सांडून माझीच सतरंजी पुसली.

मी म्हणाले, हा विश्वासघात आहे. घाटावरचे पाणी आठव. वरची खोली आठव.

उज्वला म्हणाली, "आठवतंय. चौऱ्याऐंशी साली तुझी पत्रिका पोस्टानं आली, उमे. मला तुझं लग्न पोस्टमननं सांगितलं. मी रजा काढून आले, तुझ्या पंगतीत वाढायला उभी राहिले. मी तुला पत्रिका नाही पाठवली. समोर बसून सांगितलं. एवढ्यालाच मला दीड वर्ष लागलं."

हे उदाहरण येथे लागू होत नाही. का होत नाही, ते नंतर लिहीन.

बुद्धप्रिया म्हणाली, "जेव आता. पोळी गार होते." मी जेवले. अन्नाचा अवमान करू नये म्हणून.

२ फेब्रुवारी, सोमवार. परतीची जीप.

मौन. सोलापूरपर्यंत. तेथे कोंडाबाईने विचारले, "उमाबाई, उसाचा रस घेणार का?" घेतला. मौन भंगत नाही. मान हलविली होती.

४ फेब्रुवारी, बुधवार.

निर्णय:
वर्ग चालू राहील, परंतु यापुढे प्रत्येकाला स्वतंत्र प्रत. पोथीच्या दहा झेरॉक्स करून आणल्या.
लग्नाला जाणार नाही. मंगलाष्टके मी म्हणावीत असा उज्वलाचा निरोप आला आहे. उत्तर देणार नाही.
वरची खोली भाड्याने देणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार. सायंकाळी ७.

साडेचारला सतरंजी अंथरली. दहा प्रती एकेक हात अंतरावर मांडल्या. पाच वाजले. कोणी नाही. उरलेल्या तिघांचे फोन आले. एकाचा गुडघा, एकीची सून, एकाने कारण दिले नाही.

सव्वापाचला दोघे आले. गुरुबसप्पा उंबऱ्याबाहेरच उभे. म्हणाले, "बाई, आत येऊ का?" दीड वर्षात हे त्यांनी प्रथमच विचारले. मी म्हणाले, वर्ग आहे, या.

उज्वलाने दहा प्रती पाहिल्या. माझ्याकडे पाहिले. मग दोघे दोन टोकांना, दोन प्रतींवर बसले, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. वाचन सुरू झाले. तिची ओळ झाली, त्यांची येईना. म्हणाले, "चष्मा इसरलो बाई. एवढं बारीक दिसंना." झेरॉक्सवाल्याने अक्षर लहान केले होते. जुनी पोथी मोठ्या टाइपाची.

मीच उठले आणि ती दोघांमध्ये ठेवली. वाचन अडू नये म्हणून.

ते गेल्यावर खोडरबर घेऊन बसले. पवित्र ग्रंथाच्या कडा स्वच्छ करणे कर्तव्य आहे. पानामागून पान खोडत गेले. गाडी लेट, चहात साखर, आज निळी साडी, सारे खोडले. शेवटचे पान मी पूर्वी पाहिले नव्हते, कारण वर्ग तेथवर पोहोचलाच नाही. तेथे उज्वलाच्या अक्षरात: 'उमाला कसं सांगू? ती एकटी पडेल.' त्याखाली जाड पेन्सिलीने: 'गुरुवार सोडायचा न्हाई. लग्नानंतर बी न्हाई.'

खोडरबर पेटीत ठेवला.

खोली भाड्याने द्यायची नाही. उदगीरची शेवटची गाडी कधी कधी चुकते. खाटा दोन आहेतच.

मंगलाष्टके पाठ आहेत, तरी एकदा म्हणून पाहिली. तिसऱ्या कडव्याला आवाज बसला. थंडी अजून आहे.

ही वही कोणासाठी नाही. तरीही जर कोणाच्या हाती पडलीच, तर वाचणाऱ्या त्या प्रत्येकाचे कल्याण असो. त्याच्या माणसांना त्याच्याशी बोलायला धीर होवो, आणि त्याच्या घरची वरची खोली रिकामी न राहो. तथास्तु.