तसलंच काहीतरी

ताई,

हे पत्र पाठवणार नाहीये, म्हणून खरं लिहिते. मी तुझ्यावर जळते. बाबा पाहुण्यांना सांगतात, "थोरली इंजिनिअर आहे. धाकटी इथल्याच कॉलेजात तसलंच काहीतरी शिकते." 'इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी' म्हणायला त्यांची जीभच वळत नाही.

काल पाण्याचा पंप बंद पडला. बाबांनी लगेच तुला स्पीकरवर फोन लावला. तुमचं बोलणं होईतो मी पंप खोलून अडकलेला पंखा मोकळा केला. पंप सुरू होताच बाबा फोनमध्ये ओरडले, "शाब्बास गं पोरी!"

तू श्रेय लाटलं असतंस, तर भांडता तरी आलं असतं. तू म्हणालीस, "बाबा, मी काहीच केलं नाही."

बाबा माझ्याकडे वळले. "बघ, एवढी शिकली, पण गर्व म्हणून नाही!"

तुझी,
तसलंच काहीतरी