फाडलेली चार पानं

ता. ४ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा काय म्हणतोय? इकडे मास्तरीण होऊन महिना झाला नाही, तोच माझ्या हातून आगळीक घडली.

वर्गात एक ढगोबाई आहे. सारखी खिडकीबाहेर बघते म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. गणित चुकलं की ती खोडत नाही, शेजारी बारीक अक्षरात लिहिते, ‘इथे घाई केली’, ‘इथे मला भागायचंय असं वाटलं’. मी मात्र काही न वाचताच, गचाळ म्हणून तिची चार पानं टरकन फाडली आणि स्वच्छ उतरवून आण म्हटलं. आणलं बिचारीनं, मोत्यासारखं. पण तेव्हापासून ती ढगांकडे बघत नाही, काही विचारत नाही, फळ्यावरचं मुकाट उतरवते. नंतर कचऱ्याच्या टोपलीतली पानं काढून वाचली, तेव्हा कुठे हे सगळं दिसलं. ती पुन्हा आपलं आपण विचार करेल का गं?

तुझी,
भाची


ता. ११ जुलै

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद.

उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, हा स्वभाव तुझा. गुडघा मात्र दुखतो माझा!

चाळीस वर्षं खडू झिजवला, अशी पानं मीही फाडली आहेत. नुसती माफी मागशील तर ती ‘असू दे, बाई’ म्हणेल आणि तिथेच सगळं मिटेल. ती करते तसंच तूही कर. चूक खोडू नकोस, शेजारी लिही. मग गप्प बस. हे तुला जड जाईल, ठाऊक आहे मला.

माया आहेच, ती काय लिहायची!
आत्या


ता. २४ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘मी चार पानं फाडली’. शेजारी बारीक अक्षरात, ‘इथे मी डाग पाहिले, वाचलं नाही’. पानं सरळ करून तिच्या बाकावर ठेवली. तिनं ती दप्तरात घातली, वर काही पाहिलं नाही.

आठ दिवस तो कोपरा पुसला नाही. दुपारी उन्हाची तिरीप यायची, खडूची धूळ तिच्यात तरंगत राहायची, वर्ग अर्धा झोपेत असल्यासारखा वाटायचा आणि मी जीव मुठीत धरून शिकवायची.

आज मधल्या सुट्टीनंतर आले, तर माझ्या ओळीखाली तिचं अक्षर होतं, ‘इथे मीही वाचायला सांगितलं नाही’.

मागे वळले. ढगोबाई खिडकीबाहेर बघत होती. मी खडू खाली ठेवला आणि तिचं बघून होईपर्यंत थांबले.

लोभ आहे तसाच राहू दे, माझ्या चुकांसकट.

तुझी,
भाची